मणक्याची गादी, दुखरा पाय आणि दुर्बिणीचं ऑपरेशन: आधी काय ठरवायचं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वय ३९, राहायला कळव्याला, काम रबाळ्याच्या एमआयडीसीत मशीनवर, रोजची ये-जा बाईकने. सात आठवड्यांपूर्वी जड जॉब उचलताना कमरेत चमक भरली. दोन-तीन दिवसांत कमर सुटली आणि डावा पाय धरला. कळ कुल्ल्यातून निघते, पोटरीच्या बाहेरच्या अंगाने उतरते आणि पावलावरून अंगठ्यापर्यंत जाते. एमआरआयच्या रिपोर्टमध्ये लिहिलंय की एल४-एल५ ची, म्हणजे कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली, चकती (गादी) डावीकडे फुटून बाहेर आली आहे, तुकडा थोडा खाली उतरलाय, एल५ ची नस दबली आहे, शिवाय एल५-एस१ ला, म्हणजे त्याखालच्या गादीला, ‘बल्ज’ (फुगवटा) आहे. ठाण्यातल्या एका डॉक्टरांनी मायक्रोस्कोपखाली ऑपरेशन करू म्हटलं, वाशीतल्या दुसऱ्यांनी दुर्बिणीने, तिसऱ्या ठिकाणी लेसर सुचवलं. घरी आई म्हणते, मणक्याला हात लावला की माणूस अंथरुणाला खिळतो. आणि तुम्ही विचारताय की यातली सगळ्यात चांगली पद्धत कुठली, काहीच केलं नाही तर पाय लुळा पडेल का, आणि ऑपरेशन झालंच तर बाईकवर आणि कामावर कधी परतता येईल.

मी ठाण्यात मणक्याच्या शस्त्रक्रिया करते, मायक्रोस्कोपनेही करते आणि दुर्बिणीनेही, त्यामुळे या दोन्हींतल्या एकीचीच बाजू घ्यायचं मला कारण नाही. तुम्हाला प्रत्यक्ष तपासल्याशिवाय तुमचा निर्णय इथून देता येणार नाही. पण तुमचं लिहिणं वाचताना एक गोष्ट खटकली. तिघांनी तुम्हाला तीन पद्धती सांगितल्या, मात्र आत्ता ऑपरेशन लागणार आहे का, हे कुणी आणि कशावरून ठरवलं, याचा त्यात उल्लेखच नाही. तुमचा खरा प्रश्न तो आहे. छेद आठ मिलिमीटरचा की तीन सेंटिमीटरचा, हे त्यानंतर बघायचं.

त्याहीआधी एक सांगते, कारण त्यात थांबायला वेळ नसतो. लघवी अडकली, लघवी भरल्याचं कळेनासं झालं, संडासवरचा ताबा गेला, किंवा जांघेत आणि गुदद्वाराभोवती, म्हणजे बाईकच्या सीटला टेकतो त्या भागात, हात लावला तरी बधिर वाटायला लागलं, दोन्ही पायांत कळा किंवा कमजोरी आली, तर त्याच रात्री मोठ्या रुग्णालयाच्या इमर्जन्सीत जा. सकाळच्या ओपीडीची वाट पाहू नका. कण्याच्या खालच्या टोकाचा नसांचा अख्खा झुबका दाबला गेल्याची ती खूण असते. तो दाब तातडीने, शक्यतो पहिल्या २४ ते ४८ तासांत काढला नाही, तर लघवीचा ताबा आणि लैंगिक संवेदना कायमच्या जाऊ शकतात. असं क्वचितच होतं, पण माझ्याकडे गादीच्या दुखण्याचा जो कुणी येतो त्याला मी हे सांगते आणि सोबत आलेल्या माणसालाही ऐकवते, कारण लघवीचं बोलायला पेशंट लाजतो.

दुसरी खूण पायाच्या ताकदीची. चालताना चप्पल पायातून निसटते का, पाऊल जमिनीवर फट्कन पडतं का, जिना चढताना बोटं पायरीला अडकतात का, हे बघा. घरी करण्यासारख्या दोन चाचण्या आहेत. पायऱ्यांपासून लांब, भिंतीला हात टेकून, टाचांवर दहा पावलं चाला. मग खाली बसून दोन्ही अंगठे वर उचला आणि बायकोला किंवा भावाला ते बोटाने खाली दाबायला सांगा. डावा अंगठा उजव्यापेक्षा सहज दबला तर एल५ ची नस कमजोर झाली आहे. ही कमजोरी दिवसागणिक वाढत असेल किंवा पाऊल उचलतच नसेल, तर पुढची सगळी चर्चा बाजूला ठेवून त्याच आठवड्यात शस्त्रक्रियेचा निर्णय घ्यावा लागतो. ताकद शाबूत असेल, नुसती कळ आणि मुंग्या असतील, तर वाट पाहिल्याने पाय लुळा पडण्याची भीती फार थोडी आहे. ही चाचणी आठवड्यातून दोनदा करा आणि कॅलेंडरवर लिहून ठेवा.

आता आत नेमकं काय झालंय ते बघू. दोन मणक्यांमधल्या गादीला बाहेरून चिवट धाग्यांचं कडं असतं आणि आत मऊ गर. करंजीची कड तळताना उकलली की सारण बाहेर येतं, तसं कड्याला चीर पडून आतला गर मागे, नसांच्या वाटेत येतो. कमरेच्या मणक्यांमध्ये हे बहुतेक वेळा शेवटच्या दोन जागी होतं, एल४-एल५ आणि एल५-एस१, कारण वाकण्याचा आणि उचलण्याचा सगळ्यात जास्त ताण तिथे येतो. नसेला त्रास दोन कारणांनी होतो. एक, सरळ सरळ दाब. दुसरं, त्या गरातल्या रसायनांनी नस सुजते आणि चिडते. पहिल्या काही आठवड्यांतली जीव नको करणारी कळ बरीचशी या सुजेची असते, म्हणूनच तुकडा जागच्या जागी असतानाही अनेकांचं दुखणं उतरायला लागतं.

शिवाय तुकडाही कायमचा तिथेच बसून राहतो असं नाही. कड्याबाहेर पडलेल्या गराला शरीर परकं समजतं, त्याभोवती रक्तवाहिन्या आणि पेशी गोळा होतात आणि तो हळूहळू शोषला जातो. ऑपरेशनशिवाय ठेवलेल्या रुग्णांचे एमआरआय पुन्हा काढून केलेले अनेक अभ्यास २०१५ साली एकत्र तपासले गेले. पूर्ण सुटून पडलेले तुकडे ९६ टक्के रुग्णांत लहान झाले होते, फुटून बाहेर आलेले पण गादीला चिकटलेले ७० टक्के रुग्णांत, आणि नुसता फुगवटा असलेले केवळ १३ टक्के रुग्णांत. म्हणजे रिपोर्टमध्ये जे शब्द वाचून तुमची झोप उडाली, ‘तुकडा खाली सरकलाय’, तेच तुकडा विरघळण्याच्या दृष्टीने चांगल्या बाजूचे आहेत. हे सांगितलं की पेशंटच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मी रोज बघते, म्हणून इथेही आवर्जून लिहितेय.

मग एमआरआयचं काय? १९९४ साली अमेरिकेत कंबर कधी न दुखलेल्या ९८ लोकांचे एमआरआय काढले गेले. त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांत एका तरी गादीला फुगवटा होता, आणि सगळ्याच गाद्या ठीक असलेले फक्त ३६ टक्के. वयानुसार गादीतलं पाणी कमी होतं आणि ती थोडी फुगते. तुमच्या एल५-एस१ चा बल्ज बहुधा याच जातीचा आहे. तिथली नस दुखली असती तर कळ पोटरीच्या मागून तळपायाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीकडे गेली असती, आणि चवड्यांवर उभं राहणं जड गेलं असतं. तुमची कळ अंगठ्याकडे जाते. तक्रार एल५ ची, एमआरआयवर दबलेली नस एल५ ची. आता तिसरी गोष्ट जुळायला हवी, ती म्हणजे तपासणी. उताणं झोपवून, गुडघा सरळ ठेवून डॉक्टरांनी पाय उचलला तेव्हा साधारण ३० ते ७० अंशांच्या दरम्यान गुडघ्याखाली तीच कळ उठली का? उजवा पाय उचलल्यावर डाव्या पायात कळ आली का? अंगठ्याची ताकद, पावलावरची संवेदना, घोट्याचा रिफ्लेक्स कुणी बघितला का? तिघांपैकी कुणीही टेबलावर झोपवून हे केलं नसेल, फक्त फिल्म उजेडाला धरून ऑपरेशनची तारीख दिली असेल, तर चौथ्याकडे जा. तक्रार, तपासणी आणि एमआरआय या तिघांचं बोट एकाच नसेकडे असेल तेव्हाच ऑपरेशनचा चांगला गुण येतो.

यातच आणखी एक पोटप्रश्न आहे. दुखतं कुठे जास्त, पायात की कमरेत? गादीचा तुकडा काढण्याचं ऑपरेशन, कुठल्याही पद्धतीने केलं तरी, पायाच्या कळेसाठी असतं. नुसत्या कंबरदुखीसाठी त्याचा भरवसा देता येत नाही. तुम्ही म्हणता कमर सुटली आणि पाय राहिला, म्हणजे गरज पडलीच तर तुम्ही चांगला निकाल लागणाऱ्यांच्या गटात आहात.

किती थांबायचं, यावर वैद्यकात पुष्कळ काम झालं आहे आणि तुमच्या निर्णयाला त्यातलं बरंचसं उपयोगी आहे. नॉर्वेतल्या वेबर यांनी १२६ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत विभागणी केली, एका गटाचं ऑपरेशन, दुसऱ्याचं नाही. १९८३ साली त्यांनी दहा वर्षांचा हिशेब मांडला: एका वर्षानंतर ऑपरेशनवाले पुढे, चार वर्षांनी फरक जवळपास पुसलेला, दहा वर्षांनी दोघे सारखेच. २००७ साली नेदरलँड्समध्ये सहा ते बारा आठवडे तीव्र सायटिका (नस दबून पायात उतरणारी कळ) असलेल्या २८३ लोकांवर असाच अभ्यास झाला. लवकर ऑपरेशन झालेल्यांना आराम लवकर पडला, पण वर्षाच्या शेवटी दोन्ही गटांतले साधारण ९५ टक्के लोक बरे होते. यातली एक बाब मात्र अनेकदा सांगायची राहून जाते: थांबलेल्या गटातल्या ३९ टक्के लोकांना पुढे दुखणं सहन न झाल्याने ऑपरेशन करावंच लागलं. आणि फार लांबवणंही बरं नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या अभ्यासात चार ते बारा महिने पाय दुखत असलेले रुग्ण घेतले होते, त्यांच्यात सहा महिन्यांनी ऑपरेशनवाल्यांचं दुखणं स्पष्टपणे कमी होतं.

माझी पद्धत यावरूनच ठरली आहे. ताकद शाबूत असेल तर मी पहिले सहा आठवडे सहसा ऑपरेशनचा विषय काढत नाही. सहा ते बारा आठवड्यांच्या टप्प्यात दुखण्याची दिशा बघते. पहिल्या आठवड्यात दहापैकी नऊ असलेली कळ आता पाच झाली असेल, रात्री झोप लागत असेल, कळ पावलातून वर सरकत गुडघ्यावर, कुल्ल्यावर यायला लागली असेल, तर मी थांबायला सांगते. नऊची नऊच असेल, माणूस रात्र खुर्चीत काढत असेल, रजा संपत आली असेल, तर त्याला आणखी तीन महिने सोसायला लावण्यात मला शहाणपण दिसत नाही. हा भाग वैद्यकीय आहे तितकाच परिस्थितीचाही आहे. घरून लॅपटॉपवर काम करणारी मुलगी थांबू शकते. एपीएमसीत पाठीवर ५० किलोची गोणी वाहणाऱ्या माथाडी भाऊंचं घर त्याच रोजीवर चालतं. त्या दोघांना एकच उत्तर देणं अन्याय होईल. तुम्ही सातव्या आठवड्यात आहात, आणि पहिल्या आठवड्यापेक्षा आज दुखणं किती आहे, हे तुम्ही लिहिलेलंच नाही. पहिल्यांदा ते ठरवा.

या काळात काय करायचं? अंथरुणात पडून राहू नका, त्याने सायटिका लवकर बरी होत नाही हे तपासलं गेलंय. सोसेल तितकं चाला. सकाळी उपवनला किंवा तलावपाळीला सपाटीवर थोडं थोडं, कळ वाढली की थांबायचं. बसण्यापेक्षा उभं राहणं गादीला सोपं जातं, आणि पुढे वाकून बसणं सगळ्यात वाईट. बाईक मात्र आत्ता बंद. कळव्याहून रबाळ्यापर्यंतच्या रस्त्यावरचे खड्डे आणि पुढे झुकून बसणं, दोन्ही गादीला नको आहे. ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकल आहे, गर्दीची वेळ टाळून, दाराजवळ टेकून उभं राहत गेलात तरी चालेल. सूज उतरवणारी गोळी पोटाचा, किडनीचा आणि ब्लडप्रेशरचा विचार करून डॉक्टरांनी ठरवलेले दिवसच घ्यायची, मेडिकलमधून स्वतःच आणून महिनोन्‌महिने नाही. नसेच्या दुखण्यासाठी सर्रास लिहिल्या जाणाऱ्या प्रीगाबालिनबद्दलही सांगते: सायटिकासाठी तिची नुसत्या बिनऔषधी गोळीशी तुलना झाली तेव्हा तिचा वेगळा फायदा दिसला नाही. चक्कर आणि गुंगी मात्र येते, आणि तुम्ही मशीनवर काम करता. घेत असाल तर एकदम सोडू नका, डॉक्टरांशी बोलून कमी करा. फिजिओकडून व्यायाम जरूर शिका. पण पाठीवर गुडघा देऊन, हिसका मारून मणका बसवून देणारे आपल्याकडे गावोगाव आहेत, त्यांच्याकडे ताजा तुकडा बाहेर असताना अजिबात जाऊ नका. हिसक्याने आणखी गर बाहेर पडून पाऊल लुळं पडलेले रुग्ण येतात, तेव्हा फार वाईट वाटतं.

गोळ्या आणि ऑपरेशन यांच्या मध्ये एक पायरी आहे, नसेजवळ स्टेरॉइडचं इंजेक्शन. सी-आर्म या फिरत्या मशीनच्या एक्स-रेखाली सुई थेट एल५ च्या नसेपाशी नेऊन औषध सोडतात, काही तासांत घरी जाता येतं. याने तुकडा जात नाही. नसेची सूज उतरते आणि काही आठवडे, कधी काही महिने, दुखणं आटोक्यात राहतं. त्या मुदतीत शरीराने तुकडा शोषला तर ऑपरेशन टळतं. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, आणि मधुमेह असेल तर काही दिवस साखर वाढते. तुमच्यासारख्या, तुकडा बाहेर पडलेला, सात आठवडे झालेले, अशा माणसाला, ताकद शाबूत असेल तर, मी बहुधा आधी हे सुचवते. दिलेल्या इंजेक्शनने दोन दिवस का होईना पाय पूर्ण मोकळा झाला, तर दुखणारी नस तीच आहे याची खात्रीही पटते.

आता पद्धतींकडे येते. गादीच्या तुकड्याने पाय दुखतो हे १९३४ साली अमेरिकेतल्या मिक्स्टर आणि बार या दोघांनी दाखवून दिलं. त्या काळी तुकड्यापर्यंत पोहोचण्यासाठी मणक्याचं मागचं हाड बरंच काढावं लागे, आणि आईच्या मनातली भीती बहुधा अशाच जुन्या, मोठ्या ऑपरेशनांच्या आठवणींतून आली आहे. १९७७ च्या सुमारास यासरगिल आणि कास्पर यांनी मायक्रोस्कोप आणला आणि छेद अडीच-तीन सेंटिमीटरवर आला. आजही हीच पद्धत मोजपट्टी मानली जाते, बाकी सगळ्यांची तुलना तिच्याशी होते. १९९७ मध्ये फोली आणि स्मिथ यांनी नळीची पद्धत मांडली. स्नायू हाडावरून सोलण्याऐवजी एकापेक्षा एक जाड नळ्या सरकवून ते बाजूला करायचे आणि साधारण पावणेदोन-दोन सेंटिमीटरच्या नळीतून काम करायचं. तिसरी पूर्ण दुर्बिणीची. सात-आठ मिलिमीटरच्या छेदातून कॅमेरा, प्रकाश, सतत वाहणारं सलाइनचं पाणी आणि चिमटा, सगळं एकाच नळीतून जातं. ही दुर्बीण दोन वाटांनी नेतात. एक कुशीकडून, नस मणक्यातून बाहेर पडते त्या खिडकीतून. ती वाट जागेवरच्या भुलीतही करता येते, पेशंट बोलत असतो, आणि नसेला धक्का लागला तर लगेच सांगतो. दुसरी मागून, दोन मणक्यांच्या हाडांमधल्या फटीतून. एल५-एस१ ला कमरेचं हाड कुशीकडून आडवं येतं, तिथे ही दुसरी वाट बरी पडते. तुमच्या एल४-एल५ ला दोन्ही वाटा शक्य असतात, पण तुकडा खाली किती उतरलाय यावर निवड ठरते. खूप खाली गेलेल्या तुकड्यापर्यंत कुशीकडून पोहोचणं अवघड होतं, आणि थोडा उरला तर पाय दुखतच राहतो.

मग चांगली कुठली? पायाचं दुखणं जाण्याच्या बाबतीत तिन्हींत फार फरक नाही. नेदरलँड्समध्ये २००९ साली ३२८ रुग्णांवर नळीची पद्धत आणि मायक्रोस्कोपची नेहमीची पद्धत यांची तुलना झाली आणि नळी सरस ठरली नाही. २०२२ मध्ये त्याच देशातल्या ६१३ रुग्णांच्या अभ्यासात कुशीकडून केलेली दुर्बिणीची शस्त्रक्रिया वर्षभरानंतर पायदुखीच्या बाबतीत मायक्रोस्कोपपेक्षा कमी पडली नाही. दुर्बिणीचा खरा फायदा पहिल्या काही आठवड्यांत जाणवतो: स्नायू कमी दुखावतात, रक्त कमी जातं, जखमेचं दुखणं कमी, घरी लवकर. फार लठ्ठ व्यक्तीत किंवा पूर्ण भूल धोक्याची असलेल्या वयस्कांत तो फायदा मोठा असतो, आणि अशा रुग्णांना मी स्वतःहून दुर्बीण सुचवते. पण ही पद्धत हातात बसायला सर्जनला वेळ लागतो. म्हणून माझं मत असं आहे की ज्या सर्जनचा मायक्रोस्कोपवर हात पक्का आहे त्यांच्याकडून मायक्रोस्कोपने करून घेतलेलं, नुकतीच दुर्बीण शिकलेल्याकडून दुर्बिणीने करून घेण्यापेक्षा कितीतरी सुरक्षित आहे.

लेसरबद्दल मात्र मी ठाम आहे. सुईतून लेसर, रेडिओफ्रिक्वेन्सी किंवा ओझोन सोडून गादीच्या आतला थोडा गर नाहीसा करायचा आणि आतला दाब कमी करायचा, अशी ती कल्पना आहे. कडं शाबूत असलेल्या फुगवट्यातच तिला काही अर्थ आहे. तुमचा गर कड्याबाहेर पडून खाली उतरलाय. गादीच्या पोटात लेसर मारून बाहेरच्या तुकड्याला काहीच होणार नाही. तुमचा रिपोर्ट बघूनही कुणी लेसर सुचवत असेल, तर लेसरने बाहेर पडलेल्या तुकड्याचं काय होणार, एवढंच विचारा आणि उत्तर नीट ऐका.

‘बिनटाक्याचं, त्याच दिवशी घरी, शंभर टक्के खात्री’ अशा पाट्या घोडबंदर रोडपासून पाम बीचपर्यंत दिसतात. पहिलं बऱ्यापैकी खरं आहे, एखादा टाका लागतो. दुसरंही शक्य असतं. तिसरं कुठलाही प्रामाणिक सर्जन म्हणणार नाही. उरलेल्या गादीतून त्याच जागी पुन्हा गर बाहेर येण्याचं प्रमाण साधारण ५ ते १५ टक्के सांगितलं जातं, आणि ते सगळ्या पद्धतींत आहे. सिगारेट ओढत असाल तर आजपासून सोडा, तिने गादीचं पोषण खालावतं आणि हा धोका वाढतो. नसांवरच्या आवरणाला छोटी चीर पडणं, जंतुसंसर्ग, नसेला इजा, हे धोकेही आहेत, पहिला काही टक्क्यांत, बाकीचे त्याहून कमी. आईंना सांगा की आता बहुतेक जण ऑपरेशनच्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी स्वतःच्या पायांनी बाथरूमला जातात.

सर्जनसमोर बसाल तेव्हा संकोच न करता विचारा: तुम्ही या दोन्ही पद्धतींनी करता का, की एकाच? माझ्या तुकड्यासाठी हीच वाट का? दुर्बिणीने जमलं नाही तर तिथेच मायक्रोस्कोपवर जायची तयारी आहे का? तुमच्या रुग्णांपैकी किती जणांना दुसऱ्यांदा ऑपरेशन लागलं? चांगला सर्जन या प्रश्नांनी चिडत नाही. आणि पहिल्याच भेटीत कुणी स्क्रू-रॉड टाकून मणके जोडायला सांगितलं तर थांबा. पहिल्यांदा फुटलेल्या गादीत, मणका मणक्यावरून सरकत नसेल, दोन मणक्यांत अस्थिरता नसेल, तर स्क्रूची गरज सहसा नसते. पुढे-मागे वाकवून काढलेल्या साध्या एक्स-रेवर ही अस्थिरता दिसते. तो एक्स-रे न काढताच स्क्रू सुचवले असतील तर दुसरं मत घ्याच.

खर्चाचं थोडक्यात. दुर्बिणीत एकदाच वापरायच्या वस्तूंचं बिल वेगळं लागतं, आणि रुग्णालयागणिक फरक मोठा असतो. लेखी अंदाजपत्रक मागा. विमा असेल तर कॅशलेसची पूर्वमंजुरी घ्या, आणि खोलीच्या भाड्याची मर्यादा आधी वाचा, कारण वरच्या दर्जाची खोली घेतली की बाकीच्या बिलातही कपात होऊ शकते. ईएसआयसीचं कार्ड असेल तर तिथून आधी चौकशी करा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तुमची शस्त्रक्रिया बसते का, हे योजनेतल्या रुग्णालयातले आरोग्यमित्र सांगतात.

शेवटी तुम्ही विचारलं होतं की ऑपरेशन झालंच तर बाईकवर आणि कामावर कधी. खुर्चीतलं काम असतं तर मी दोन ते चार आठवडे सांगितले असते. तुमचं उभ्याने, वजन उचलायचं काम आहे, म्हणून हलक्या कामावर साधारण सहा आठवड्यांनी, आणि जड जॉब उचलायला तीन महिन्यांच्या आत नाही, मग छेद सात मिलिमीटरचा असो की तीन सेंटिमीटरचा. बाहेरची जखम लहान असली तरी गादीच्या कड्याची चीर भरायला लागणारा वेळ तोच असतो. दुर्बिणीने केलेल्या लोकांना आठवड्यातच इतकं मोकळं वाटतं की ते गॅसचा सिलिंडर उचलायला जातात, त्यांना मला जास्त बजावावं लागतं. कंपनीकडून हलक्या कामाचं पत्र आधीच मंजूर करून घ्या. बाईक सहा आठवड्यांनी, सुरुवातीला जवळच्या अंतरावर. कळ बहुधा लगेच जाते, पण अंगठ्यावरचा बधिरपणा काही आठवडे ते काही महिने रेंगाळतो, कधी थोडा कायमही राहतो. तो राहिला म्हणून ऑपरेशन फसलं असं समजू नका. आधी मात्र आज रात्री टाचांवर चालून बघा, अंगठा दाबून बघा, आणि पहिल्या आठवड्यात कळ दहापैकी किती होती आणि आता किती आहे ते लिहा. ते कळवलंत तर पुढचं जास्त नेमकं सांगता येईल.